हसलो म्हणून विसरलो का?

गेल्या अंकात मी जोडीदार गेल्यानंतर पुन्हा प्रेमात पडणाऱ्या माणसांच्या रोमँटिक कॉमेडींबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या आणि काही विचारायचं असेल तर कळवा म्हटलं होतं. इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं, आणि त्यातली निम्मी तरी सिनेमाबद्दल नाहीतच, स्वतःबद्दल आहेत. सगळी वाचली. जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले ते इथे घेते, नावं कुणाचीच देत नाहीये.

प्रश्न : ताई, बायको जाऊन दोन वर्षं होत आली. मित्रांनी जबरदस्तीने एका सिनेमाला नेलं, विधुर माणूस पुन्हा प्रेमात पडतो अशी कॉमेडी होती. मी मोठमोठ्याने हसलो, खरंच खूप दिवसांनी. आणि घरी येऊन कुलूप उघडताना एकदम वाटलं की आपण तिच्याशी बेइमानी केली. मरणावर असे विनोदी सिनेमे काढणंच चूक नाही का?

नाही, अजिबात नाही. आणि तुम्ही हसलात यात बेइमानी तर मुळीच नाही.

माझा नवरा गेला त्यानंतरच्या तिसऱ्या आठवड्यात मी आणि माझी नणंद त्याचं कपाट आवरायला बसलो होतो. एका शर्टाच्या खिशात सामानाची यादी सापडली. वर मी सांगितलेल्या सहा वस्तू, ओळीने, आणि खाली त्याच्या गिचमिड अक्षरात सातवी ओळ, "आणि जे विसरलो ते". आम्ही दोघी अशा हसलो की शेजारच्या खोलीतून सासूबाई उठून आल्या, आणि त्यांनी ती यादी वाचली आणि त्याही हसायला लागल्या, मग तिघीही रडलो, आणि कधी हसणं संपलं नि कधी रडणं सुरू झालं ते आजही मला सांगता येणार नाही. तो गेल्यापासून त्या घरात तो सगळ्यात जास्त जिवंत होता तो त्या पाच मिनिटांत.

हे फक्त माझं सांगणं नाही. डॅचर केल्टनर आणि जॉर्ज बोनॅनो या दोन मानसशास्त्रज्ञांचा १९९७ सालचा एक अभ्यास आहे. जोडीदार जाऊन साधारण सहा महिने झालेल्या लोकांना त्यांनी गेलेल्या माणसाबद्दल बोलतं केलं आणि बोलताना चेहऱ्यावर काय होतं ते बारकाईने बघितलं. जी माणसं मधेच खरंखुरं हसली, म्हणजे तोंडदेखलं नाही, डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पडतात तसं, त्यांना त्रास कमी होत होता आणि आजूबाजूच्या माणसांशी त्यांचं नातंही जास्त बरं होतं. पुढे १९९९ मध्ये मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट यांनी मांडलं की दुःखातला माणूस एका सरळ रस्त्याने पुढे पुढे जात नाही, तो झोके घेत राहतो, घटकाभर गेलेल्याकडे आणि घटकाभर रोजच्या जगण्याकडे, आणि हे असं मागेपुढे होणं म्हणजेच सावरणं. मला तर वाटतं चांगली रोमकॉम, म्हणजे रोमँटिक कॉमेडी, नेमकं हेच करते, एका सीनमध्ये रडवते आणि पुढच्याला हसवते, आणि बघताना ते खोटं वाटत नाही कारण आपण घरी तसेच असतो.

'स्लीपलेस इन सिएटल' (१९९३, दिग्दर्शिका नोरा एफ्रन) बघितला नसेल तर बघा. टॉम हँक्सची बायको कॅन्सरने गेलीय, तो शिकागो सोडून मुलाला घेऊन सिएटलला आलाय, आणि ख्रिसमसच्या आदल्या रात्री तो आठ वर्षांचा मुलगा रेडिओच्या कार्यक्रमात फोन लावतो की माझ्या बाबांना नवी बायको हवी. प्रसंग हसण्याचाच आहे. पण मग बाबा फोनवर येतो, आधी चिडतो, मग हळूहळू बोलायला लागतो, की रोज सकाळी उठायचं आणि दिवसभर श्वास घेत राहायचं, असं करत करत कधीतरी हे स्वतःला सांगावं लागणार नाही असा दिवस येईल. त्याच फोनवर, त्याच सीनमध्ये हे दोन्ही आहे. तुम्ही त्या थिएटरमध्ये तेच केलंत.

प्रश्न : या सगळ्या सिनेमांत मेलेली बायको पहिल्या दहा मिनिटांत जाते आणि ती कायम देवीच असते. सुंदर, हसरी, केस उडतायत, कधी चिडत नाही. मला त्याचा राग येतो. माझी आई गेली, ती अशी नव्हती. ती भांडायची.

तुमचा राग मला शंभर टक्के पटला, आणि या प्रकारच्या सिनेमांवरचा माझाही सगळ्यात मोठा आक्षेप हाच आहे.

असं का होतं ते सांगते. लेखकाकडे दोन तास असतात. नायक दुःखी आहे हे पटवायचं आणि शेवटी तो दुसऱ्या कुणाच्या हातात हात घालून उभा राहिला की प्रेक्षकाला बरं वाटलं पाहिजे. मग सोपी वाट काय, तर गेलेल्या माणसाला फोटोसारखं करून टाकायचं. फोटोशी कुणाची स्पर्धा नसते. फोटो रिमोटवरून भांडत नाही, त्याच्या सवयी नसतात, त्यामुळे त्याची जागा रिकामी झाली तरी ती कुठली जागा ते कळत नाही. याच्या उलटी वाट तर त्याहून वाईट, की सिनेमाच्या मध्यावर कळतं की गेलेल्या माणसाने काहीतरी लपवलं होतं, फसवलं होतं, म्हणजे आता दुसऱ्या प्रेमाला रस्ता मोकळा. दोन्हीकडे एकच चलाखी आहे, जागा करायची म्हणून गेलेल्याला एकतर देव्हाऱ्यात बसवायचं नाहीतर घराबाहेर काढायचं.

पण तो होता तसाच, त्याच्या सगळ्या कटकटींसकट घरात राहू दिला तर काय होतं? हे बघायचं असेल तर 'ट्रूली, मॅडली, डीपली' बघा, अँथनी मिंगेलाचा १९९० सालचा, त्याचा पहिला सिनेमा. नीनाचा (ज्युलिएट स्टीव्हन्सन) जेमी गेलाय. ती थेरपिस्टसमोर बसून रडते तो सीन मी आजवर बघितलेल्या रडण्यांतला सगळ्यात खरा आहे, नाक वाहतंय, चेहरा लाल झालाय, आणि ती दुःखाइतकीच चिडलेली आहे, त्याच्यावर, तो गेला म्हणून. आणि मग जेमी परत येतो, भूत होऊन. जेमी म्हणजे ॲलन रिकमन, चेलो वाजवणारा. ती आनंदाने वेडी होते. पण मग तो सारखा थंडी वाजते म्हणून घरातला हीटर वाढवतो, सामान स्वतःच्या मनासारखं हलवतो, आणि त्याचे भूत मित्र येऊन तिच्या घरात ठाण मांडून व्हिडिओ बघत बसतात. बघताना आपण हसतोय, आणि हसता हसता हळूहळू लक्षात येतं की तिला आठवतंय, हा असाच होता, मी याच्यावर जीव टाकायचे आणि हा मला वैतागही आणायचा. तिला पुन्हा माणूस मिळतो, फोटो नाही, आणि माणूस मिळाल्यावरच ती त्याला निरोप देऊ शकते. त्यातला नवा माणूस, मार्क, याच्याबरोबरचा एक सीन तर मी कितीदा बघितलाय, दोघं एका पायावर लंगडी घालत एकमेकांना आपापल्या आयुष्याची गोष्ट सांगतात. धापा टाकत काय ते सांगायचं, त्यामुळे रडायला श्वासच शिल्लक राहत नाही आणि खोटं बोलायलाही.

तुमची आई भांडायची ना, मग तिची आठवण भांडकुदळच ठेवा.

प्रश्न : अशा सिनेमांत बापाला दुसरं लग्न करायला कायम लहान मुलंच का लावतात?

कारण त्याने स्वतः म्हटलं की मला कुणीतरी हवंय, तर प्रेक्षकाच्या मनात पाल चुकचुकते, एवढ्यात विसरला? मग लेखक ती इच्छा मुलाच्या तोंडी देतो. मुलाला आई हवीय याला कोण नाव ठेवणार! वर सांगितलेल्या सिनेमात तो फोन करणारा मुलगा म्हणजे बापाच्या मनातलीच गोष्ट आहे, फक्त आवाज लहान मुलाचा. 'कुछ कुछ होता है'मध्येही (१९९८) तेच, आठ वर्षांची मुलगी बापाची जुनी मैत्रीण शोधून काढते, आणि तिला ते सांगितलंय तिच्या गेलेल्या आईने, पत्रातून.

बायकांच्या बाबतीत मात्र लेखकाला मुलंही पुरेशी वाटत नाहीत, तिथे बऱ्याचदा गेलेल्या नवऱ्याची परवानगी लागते. 'पी. एस. आय लव्ह यू'मध्ये (२००७) ब्रेन ट्यूमरने गेलेला नवरा बायकोसाठी पत्रं लिहून ठेवतो, एकामागून एक येत राहतात, आता हे कर, आता तिकडे जा. मी रडले त्या सिनेमाला, खोटं कशाला सांगू. पण बाहेर आल्यावर एक गोष्ट टोचत राहिली, की ज्यांना असं पत्र मिळत नाही त्यांचं काय? माझ्या नवऱ्याने मला काही लिहून ठेवलं नव्हतं, एक सामानाची यादी सोडली तर. बहुतेकांना काहीच मिळत नाही, आणि आपलं आपल्याला ठरवावं लागतं. त्यावर सिनेमे कमी निघालेत आणि ते निघायला हवेत.

प्रश्न : माझे बाबा जाऊन सहा वर्षं झाली, आई आता ५२ वर्षांची आहे. ती एका काकांशी रोज फोनवर बोलते आणि मी खोलीत आले की फोन ठेवते. मला काही प्रॉब्लेम नाहीये, उलट बरं वाटतं. तिला हे सांगायला लाज वाटते, मग हिंट म्हणून एखादा सिनेमा दाखवू का? कुठला?

किती गोड आहेस गं. पण हिंट म्हणून दाखवू नकोस. ती तासभर सिनेमा बघणारच नाही, तुझा चेहरा बघत बसेल, की हिला कळलं की काय, हिला काय वाटतंय. आणि ती फोन ठेवते ना, ते बहुतेक त्या काकांमुळे नसेलच, तुझ्या बाबांमुळे असेल. तिला वाटत असणार की तुला वाटेल ती बाबांना विसरली. म्हणून तू काकांपासून सुरुवात करूच नकोस. आधी बाबांबद्दल बोल, सहज, एखादी गंमत, ते कसे करायचे ते, आणि तिला हसू दे. बाबांचं नाव घरात मोकळेपणाने घेतलं जायला लागलं की दुसरं नावही आपोआप येईल, घाई करू नकोस.

आणि मग सिनेमा बघा, दोघी मिळून, हिंट म्हणून नाही तर मजा म्हणून. 'खट्टा मीठा' बघा, बासू चटर्जींचा, १९७८ चा. अशोककुमार विधुर, पर्ल पदमसी विधवा, दोघांच्या पदरी वाढत्या वयाची मुलं, आणि दोघं ठरवतात की लग्न करूया. अशोककुमार तेव्हा साठी ओलांडलेले होते आणि सिनेमा त्यांना तरुण करायला जात नाही हे मला फार आवडतं. वरच्या प्रश्नात म्हटलं तसं इथे मुलं जोडी जमवत नाहीत, उलट जमलेल्या जोडीला तीच अडचण होतात, दोन घरांची मुलं एका छताखाली आली की काय काय होतं यावरच सगळी कॉमेडी आहे. तुझ्यासारखी मुलगी त्या घरात असती तर अर्धा सिनेमा तिथेच संपला असता! आईला तो बघून हसताना बघ, आणि हसून झाल्यावर जे काही ती बोलेल ते मधे न तोडता ऐकून घे.

प्रश्न : 'लव्ह अगेन' बघितला. प्रियांका चोप्रा गेलेल्या प्रियकराच्या जुन्या नंबरवर मेसेज पाठवते आणि तो नंबर आता दुसऱ्याच माणसाकडे असतो, तो ते सगळे वाचतो आणि प्रेमात पडतो. सगळ्यांना गोड वाटला, मला राग आला. मी चुकतेय का?

नाही चुकत. कल्पना मात्र खरंच सुंदर आहे आणि खरीही आहे, बंद पडलेले नंबर काही काळाने नव्या ग्राहकाला दिले जातात, आणि गेलेल्या माणसाच्या नंबरवर मेसेज टाकणारे लोक किती असतील ते याच आठवड्याची पत्रं वाचून मला कळलं. हा २०२३ चा सिनेमा मुळात एका जर्मन सिनेमावरून (२०१६) घेतलाय.

रोमकॉमचं इंजिनच असं असतं की एकाला काहीतरी माहीत असतं आणि दुसऱ्याला नसतं. नेहमीच्या सिनेमात ते गुपित हलकं असतं, कुणी श्रीमंत असल्याचं लपवतो, कुणी पैज लावलेली असते. इथे ते गुपित म्हणजे तिचं गेलेल्या माणसाशी चाललेलं बोलणं आहे, जे तिने कुणालाच वाचायला दिलेलं नाही. तो चुकून वाचतो तोवर ठीक आहे, त्याचा काय दोष. पण मेसेजमधून कळलेल्या गोष्टींवरून तिला गाठायचं आणि भेटल्यावरही गप्प राहायचं, तिथे मला त्रास झाला. पहिल्या भेटीत नाही तर दुसऱ्या भेटीत त्याने सांगायला हवं होतं. सिनेमा तेवढ्यात संपला असता हे मान्य, पण मग लेखकाने दुसरी अडचण शोधायची, अडचणींना काय तोटा आहे.

याच्याशेजारी 'रिटर्न टू मी' (२०००, बॉनी हंट) ठेवून बघा. बॉबची बायको अपघातात जाते, तिचं हृदय ग्रेसला मिळतं, आणि पुढे बॉब आणि ग्रेस प्रेमात पडतात, दोघांनाही काही माहीत नसताना. ऐकायला किती ओढूनताणून वाटतं ना? पण तो चालतो, कारण तिथे कुणी कुणाला फसवत नाहीये. ग्रेस ज्या कुटुंबाने हृदय दिलं त्यांना आभाराचं पत्र लिहायला कितीतरी दिवस धडपडते, काय लिहायचं सुचतच नाही, कुणाचं तरी माणूस गेलं म्हणून मी आहे हे कसं लिहायचं. आणि एक दिवस तिला तेच पत्र बॉबच्या घरी सापडतं. स्वतःचं अक्षर, त्याच्या घरात. तो सीन बघताना माझे हात गार पडले होते. आणि कळल्यावर तिला ते दाबून ठेवणं जमत नाही, हाच फरक आहे.

प्रश्न : मी याच विषयावर स्क्रिप्ट लिहितोय. नायिका विधवा आहे, तिशी-पस्तिशीची. नायक भेटेपर्यंत सगळं जमलं, पण तिने त्याला पहिल्या नवऱ्याबद्दल सांगायचा सीन पाच वेळा लिहिला आणि पाचही वेळा तो रडका झाला. तो सीन काढूनच टाकू का? रोमकॉम आहे शेवटी.

काढलात तर सिनेमाच राहणार नाही! मी तर असा कुठलाही सिनेमा बघताना एवढंच बघते की नव्या माणसाला गेलेल्या माणसाचं नाव माहीत आहे का, तिने ते त्याच्यासमोर घेतलंय का आणि तो ते नंतर स्वतःहून घेतो का. ज्या सिनेमात तो ते घेतो तिथे मी शेवटपर्यंत बसते.

तुमचा सीन रडका होतोय कारण बहुधा ती त्याला सगळं सांगतेय, कसा गेला, कुठे, डॉक्टर काय म्हणाले. कुणी असं सांगत नाही हो. म्हणजे सांगतात, पण खूप नंतर, आणि बऱ्याचदा अंधारात, चेहरा दिसत नसताना. पहिल्यांदा जे बाहेर पडतं ते बारीकसारीक असतं आणि भलत्याच वेळी पडतं. ती दोन कप काढते आणि हात सवयीने तिसऱ्या कपाकडे जातो. किंवा चुकून नव्याला जुन्याच्या नावाने हाक मारते आणि दोघंही थांबतात. हे हसण्याचेच प्रसंग आहेत, त्यांना हसण्याचेच ठेवा, रडणं प्रेक्षक स्वतः आणतो, तुम्ही पुरवायची गरज नाही. आणि नायकाला त्या सीनमध्ये काहीही शहाणपणाचं बोलू देऊ नका, एक ओळसुद्धा नाही. मदत करायला जाऊ देऊ नका. त्याने फक्त ऐकायचं आहे, आणि हातात काहीतरी काम असू द्या त्याच्या.

ती यादी आठवते ना, पहिल्या उत्तरातली? ती अजून माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात असते. आता माझ्या घरात जो माणूस आहे त्याच्याबरोबर मी तिसऱ्यांदा भेटले तेव्हा पैसे काढताना ती बाहेर पडली. काय आहे म्हणून त्याने उचलली. मी म्हटलं वाच. त्याने वरपासून खालपर्यंत वाचली, सातव्या ओळीशी जरा थांबला, आणि विचारलं, "मग काय काय विसरला होता?" मी म्हटलं, "साबण." कागद जिथे जिथे दुमडून फाटायला आला होता तिथे तिथे बोटाने धरून त्याने तशीच्या तशी घडी घातली आणि मला परत दिली.